बारमाही चाऱ्याचं रान: पाणी देताना जमीन कशी सांभाळायची

चार-पाच संकरित गायी, मुक्त संचार गोठा आणि मागे एकरभर चारा. दुग्धव्यवसायात नव्याने उतरणाऱ्या बऱ्याच जणांची सुरुवात अशी होते. चौकशी होते ती बेण्याची. नेपियर गवताचं फुले जयवंत लावावं की डीएचएन-६, लसूणघासाचं आरएल-८८ कुठे मिळेल, पहिली कापणी कधी येईल. पाण्याचं विचारलं की उत्तर येतं, "पाण्याची काही अडचण नाही, भरपूर आहे." जमिनीच्या दृष्टीने अडचण नेमकी या भरपूर पाण्याचीच असते.

सोयाबीन निघालं की रान मोकळं होतं. हरभऱ्यानंतर नांगरट होऊन ते उन्हात तापतं. चाऱ्याच्या रानाला अशी उसंत मिळत नाही. नेपियर एकदा लावलं की तीन-चार वर्षं तिथेच असतं, लसूणघासाचंही तसंच. बारा महिने पाणी, दर सव्वा-दीड महिन्याला कापणी, रोजची वैरणीची गाडी आणि जनावरं आत चरायला सोडत असाल तर त्यांचे खूर. ओलिताने जमिनीचं जे बरंवाईट व्हायचं असतं, ते इथे इतर पिकांपेक्षा लवकर दिसतं. पुढचं सगळं कृष्णा, नीरा, भीमा खोऱ्यातल्या काळ्या जमिनी आणि आटपाडी, जत, सांगोल्याकडे उपसा योजनांचं पाणी नव्याने पोचलेले माळ डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे. कोकणातल्या जांभ्या मातीचं गणित वेगळं आहे, त्यात इथे जात नाही.

पाणी जमिनीत काय करतं

विहिरीचं असो की कालव्याचं, पाण्यात क्षार विरघळलेले असतात. पाणी पीक पितं किंवा ते उन्हाने उडून जातं; क्षार मागे उरतात. निचरा चांगला असेल तर पावसाळ्यात ते धुवून खाली जातात. नसेल तर भूजलाची पातळी वर येते आणि खाली गेलेले क्षार ओलीबरोबर पुन्हा वर चढतात. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातले हॅरल्ड मान १९१० साली नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींचा अभ्यास करत होते. म्हणजे पाटाचं पाणी आल्यापासून जेमतेम पंचवीस वर्षांत हा प्रश्न शास्त्रज्ञांच्या टेबलावर पोचला होता. सांगली-कोल्हापूरकडे नदीकाठच्या गावांनी पुढे तेच पाहिलं.

क्षारांपेक्षाही वाईट सोडियम. तो मातीच्या कणांना चिकटून बसला की कण एकमेकांपासून सुटतात, ओल्यात चिखल आणि वाळल्यावर दगड अशी गत होते. आपल्याकडे तिला चोपण म्हणतात. खारवट जमीन निचरा झाला की चांगल्या पाण्याने धुता येते. चोपण नुसत्या पाण्याने धुतली जात नाही, कारण पाणी आत शिरतच नाही.

आधी खड्डा, मग बेणं

लागवडीआधी रानात तीन जागी तीन-तीन फूट खोल खड्डे घ्या. एक वरच्या अंगाला, एक मधे, एक सर्वांत सखल कोपऱ्यात. वरची काळी माती किती खोल आहे, तिच्याखाली काय आहे ते बघा. खाली मुरूम लागला तर निचऱ्याची काळजी अर्ध्याने कमी झाली. पिवळसर, चिकट, चुनखडीचे खडे असलेला थर लागला तर पाणी तिथे अडणार हे गृहीत धरा. मातीत राखाडी-निळसर किंवा गंजाचे डाग दिसले तर तिथे पाणी आधीपासून साचतंय.

त्याच खड्ड्यांशेजारी फूटभर लांबी-रुंदीचा, दीड फूट खोल खड्डा करून पाण्याने भरा. पहिलं पाणी जिरू द्या, ते मोजायचं नाही. कोरडी काळी माती भेगांतून हवं तेवढं पाणी पिते आणि आपली फसगत होते. दुसऱ्यांदा भरा आणि वेळ बघा. काही तासांत जिरलं तर ठीक. संध्याकाळी भरलेलं पाणी सकाळीही तसंच दिसलं तर तिथे चर काढल्याशिवाय बारमाही चारा लावू नका, मग पाणी कितीही गोडं असो.

मातीचा नमुना देताना एक गोष्ट बहुतेक जण चुकवतात. खतांसाठीचा नमुना वरच्या थराचा असतो. क्षारांसाठी तेवढ्यावर भागत नाही. ०-१५, १५-३०, ३०-६० आणि ६०-९० सेंमी असे वेगवेगळे नमुने, वेगवेगळ्या पिशव्यांत, प्रत्येकावर खोली लिहून द्या. अहवालात सामू (पीएच) आणि विद्युतवाहकता म्हणजे ईसी (क्षार जितके जास्त तितका हा आकडा मोठा; इथे सगळीकडे डेसीसायमन प्रति मीटरमध्ये) हे दोन आकडे आधी बघा. प्रयोगशाळेत माती पाण्यात कालवून मोजलेली ईसी १ च्या खाली असेल तर निश्चिंत राहा. १ ते २ च्या दरम्यान बियाण्याच्या उगवणीला फटका बसू शकतो. सामू ८.५ च्या वर गेला तर विनिमययोग्य सोडियमही, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमचं प्रमाणही, तपासून घ्या. पुस्तकात १५ टक्क्यांच्या वर गेल्यास चोपण म्हणतात, पण भारी काळ्या मातीत त्रास त्याच्या बराच आधी जाणवू लागतो.

पाण्याचा हिशेब पोत्यांत करा

पाण्याची तपासणी लोक टाळतात. जनावरं पितात ना, मग पिकाला काय होतंय, असा समज. एक हिशेब करून बघा. ईसी १ असलेल्या पाण्यात लिटरमागे साधारण ६४० मिलिग्रॅम क्षार असतात. एकरभर रानाला ५ सेंमीची एक पाळी, म्हणजे एका वेळचं पाणी, सुमारे २ लाख लिटर पाणी. म्हणजे एका पाळीबरोबर १२५ ते १३० किलो क्षार, पन्नास किलोची अडीच पोती, तुम्ही स्वतःच्या हाताने रानात टाकली. वर्षात अशा २५ पाळ्या झाल्या तर सव्वातीन टनांच्या आसपास. वैरणीबरोबर यातलं थोडंच बाहेर जातं. बाकीचं धुवून नेणं पावसाचं काम, आणि आटपाडी-जतकडे पाऊसच तोकडा.

सिंचनाच्या पाण्याची ईसी ०.७५ पर्यंत असली तर साधी काळजी पुरते. २.२५ च्या वर गेली तर भारी जमिनीत ते पाणी बारमाही चाऱ्याला वापरू नका. दुसरा आकडा आरएससी, म्हणजे पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमपेक्षा कार्बोनेट-बायकार्बोनेट किती जास्त आहे ते. लिटरमागे १.२५ मिलिइक्विव्हॅलंटच्या (अहवालात meq/L) खाली सुरक्षित, २.५ च्या वर नको. हे जास्तीचं बायकार्बोनेट जमिनीतल्या कॅल्शियमची चुनखडी करून टाकतं आणि सोडियमला मोकळं रान मिळतं. पाणी चवीला गोडं लागतं, पण जमीन मात्र चोपण होत जाते. बोअरच्या पाण्यात हा प्रकार खास बघावा लागतो. नमुना मे महिन्यात घ्या, कारण पाणी तळाला गेलं की क्षार सर्वांत जास्त असतात. ज्यांच्याकडे कालव्याचं आणि बोअरचं दोन्ही पाणी आहे, त्यांनी लागवड आणि उगवणीच्या काळात कालव्याचं वापरावं आणि पीक उभं राहिल्यावर बोअरचं.

आखणी

भारी जमिनीत नेपियरची ठोंबं सरीच्या तळात लावण्याऐवजी वरंब्याच्या बगलेत लावा. ९० बाय ६० सेंमी अंतर पुरतं. सरी लांब ठेवायचा मोह होतो, दारं धरायला सोपं जातं. पण लांब सरीत वरचं टोक टोकापर्यंत पाणी पोचेस्तोवर तासन् तास भिजत राहतं. सऱ्या आखूड करा. लसूणघासाला सपाट सारे (लांबट वाफे) चालतात, पण सारा एका अंगाला किंचित उतरता हवा आणि उताराच्या टोकाला चर हवा. लसूणघासाची मुळं दोन-चार दिवस पाण्यात राहिली की कुजतात, झाडं पिवळी पडून ठिपक्या-ठिपक्यांनी मरतात आणि त्या जागी लव्हाळा येतो.

मुरमाड माळावर प्रश्न उलटा. पाणी साचत नाही, पण पाण्याबरोबर नत्रही मुळांच्या खाली निघून जातं. तिथे पाळी हलकी आणि लवकर, युरिया थोडा थोडा आणि वारंवार. माळावर टिपर भरून गाळमाती टाकायची हौस असेल तर ती गाळमातीही आधी तपासा. खारवट तळ्यातला गाळ आणून माळ बिघडवल्याची उदाहरणं कमी नाहीत.

पाळी वाफशावर ठरवा

वाफसा म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताची असणं. पण चाऱ्याच्या रानाला पाणी मिळतं ते लायटीच्या वेळेप्रमाणे. रात्री दहाला लाइट येते, मोटर चालू होते, माणूस झोपतो. ५ अश्वशक्तीच्या पंपाने सेकंदाला १० लिटर पाणी पडत असेल तर एकराला ५ सेंमी द्यायला साडेपाच तास लागतात. रात्रभर, लाइट जाईपर्यंत चाललं तर त्याच्या दीडपट पाणी जातं, आणि ते सगळं वरच्या दहा सऱ्यांत. तुमच्या पंपाचं पाणी मोजायला २०० लिटरचा बॅरल घ्या, किती सेकंदांत भरतो ते बघा आणि भागाकार करा. हा आकडा मोटरच्या पेटीवर खडूने लिहून ठेवा.

शिफारस साधारण अशी: उन्हाळ्यात ८-१० दिवसांनी, हिवाळ्यात १२-१५ दिवसांनी. हा नुसता अंदाज समजा. खरी कसोटी मातीची. चार-पाच इंच खालची मूठभर माती घ्या आणि दाबून गोळा करा. गोळा होतो आणि कमरेइतक्या उंचीवरून टाकला की फुटतो, तर वाफसा आहे. अजून पाणी नको. गोळाच होत नाही, माती भुरभुर सांडते, तर पाळीची वेळ झाली. आणि तळव्यांत वळून तिची लांब वात होत असेल, हाताला चिखल लागत असेल, तर मोटरीला कुलूप. काळ्या मातीत बारीक भेगा दिसू लागल्या तर पाणी द्या. बोट जाईल एवढी भेग पडेपर्यंत थांबलात तर नेपियरची मुळं तुटतात आणि पुढचं पाणी भेगांतून सरळ खाली निघून जातं.

ठिबक असेल तर पाणी वाचतं, पण क्षार ओल्या पट्ट्याच्या कडेला जमा होतात. उन्हाळ्यात दोन नळ्यांच्या मधे पांढरी रेघ दिसते, ती हीच. जूनमधला पहिला शिडकावा झाला की तो थर विरघळून मुळांत उतरतो आणि हिरवागार चारा दोन दिवसांत करपल्यासारखा दिसतो. लोक याला रोग समजून फवारण्या करतात. पहिल्या हलक्या पावसात ठिबक बंद करू नका, पाऊस पडत असतानाच चालवा. चांगला जोरदार पाऊस होऊन क्षार खाली गेले की मग बंद करा. तुषार किंवा रेनगनने खारट पाणी देत असाल तर रात्री द्या. दुपारच्या उन्हात पानांवर क्षार वाळून कडा जळतात.

जनावरं आत सोडताना

कापून घालायची वैरण असेल तर हा भाग वरवर वाचला तरी चालेल. मार्वेल गवत, स्टायलो (द्विदल चारा) किंवा लसूणघासात जनावरं चारत असाल तर नीट वाचा, कारण पाणी आणि खूर एकत्र आले की जमिनीचं नुकसान सर्वांत जलद होतं.

साडेचारशे किलोची गाय चालते तेव्हा तिचा भार क्षणभर दोन-तीन खुरांवर असतो. वाफशावरची माती तो सोसते. ओली माती सोसत नाही. खूर रुततो, आजूबाजूची माती लिंपल्यासारखी दाबली जाते, तिच्यातली हवेची छिद्रं बंद होतात. वर दिसतात ते खुरांचे खळगे. खरं नुकसान त्याखाली चार ते सहा इंचांवर तयार होणारा घट्ट थर करतो. पुढच्या पाळीचं पाणी त्यावर साचतं, मुळं वरच्या वर आडवी पसरतात, आणि गवत कमी आलं म्हणून मालक पाळी वाढवतो.

आत सोडण्याआधी टाच रोवून बघा. सगळं वजन एका टाचेवर टाकून अर्धी फिरकी घ्या. टाचेखाली माती चेपली पण कोरडी दिसली तर सोडा. खळगा पडून त्यात ओल चकाकली किंवा माती बुटाला चिकटून वर आली तर त्या दिवशी कापून घाला. हलक्या जमिनीत पाण्यानंतर दोन दिवस, भारी जमिनीत चार ते सहा दिवस, हिवाळ्यात त्याहून जास्त, एवढं थांबावं लागतं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी चराई, मग दोन-तीन दिवसांनी पाणी, मग गवत वाढेपर्यंत जनावरं नाहीत. त्यासाठी रानाचे निदान पाच-सहा तुकडे हवेत. झटका मशीनच्या तारेने तुकडे पाडणं हल्ली महाग नाही. गवत चार बोटं राहिलं की जनावरं बाहेर. उघडी पडलेली माती ऊन पिते आणि क्षार वर ओढते. आणि लसूणघासात उपाशी जनावर कधीच सोडू नका, पोटफुगीने जाईल. आधी कडबा, मग लसूणघास.

पाण्याची टाकी, मीठविटा आणि सावली रानाच्या सखल बाजूला ठेवू नका. जनावरं तिथेच घुटमळतात, तिथेच शेणमूत पडतं, आणि वर्षभरात तो कोपरा चिबाड, म्हणजे कायम पाणथळ, होतो. वैरणीच्या गाडीलाही एक ठरलेली वाट द्या. ती एक पट्टी गेली तरी चालेल.

शेण रानाकडे परत जाऊ द्या

पाणी दिलं, गवत वाढलं, मुळं वाढली, म्हणजे जमिनीतला सेंद्रिय कर्बही वाढला असेल, असं वाटणं साहजिक आहे. न्यूझीलंडच्या कँटरबरी भागात विंचमोर इथे मेंढ्यांच्या कुरणावर अनेक दशकं चाललेल्या प्रयोगात उलट दिसलं. पाणी दिलेल्या कुरणात गवत जास्त आलं, पण मातीतला कर्ब कोरडवाहू कुरणापेक्षा कमी निघाला. ओली आणि उबदार माती जिवाणूंना मानवते, ते सेंद्रिय पदार्थ झपाट्याने संपवतात. तिथे शेणमूत निदान कुरणातच पडत होतं. आपण तर नेपियर कापून गोठ्यात नेतो. एकरी वर्षाला ६०-८० टन हिरवा चारा बाहेर गेला की त्याबरोबर नत्र आणि विशेषतः पालाश ढिगाने जातो. कुजलेलं शेणखत दर वर्षी त्याच रानात परत गेलं पाहिजे, शेजाऱ्याला ट्रॉलीच्या भावाने विकायचं नाही.

गोठा धुतलेल्या पाण्याचं मात्र तारतम्य ठेवा. पाट काढून ते रोज एकाच कोपऱ्यात सोडण्याची पद्धत सर्रास आहे. तिथला चारा काळाकुट्ट हिरवा दिसतो म्हणून मालक खूश असतो. त्यात मूत्रातले क्षार असतात आणि दूधकाढणी यंत्र धुण्याचा सोडाही. खड्ड्यात साठवा, साध्या पाण्यात मिसळा आणि दर वेळी वेगळ्या तुकड्याला द्या.

बिघाड कसा ओळखायचा

रानातलं सुकं ढेकूळ, बोराएवढं, काचेच्या ग्लासात पावसाच्या किंवा आरओच्या पाण्यात अलगद सोडा. विहिरीचं पाणी घेऊ नका, त्यातले क्षार निकाल लपवतात. ग्लास हलवायचा नाही. ढेकूळ तसंच राहिलं तर रचना उत्तम. विरघळून खाली बारीक कणांचा ढीग झाला पण वरचं पाणी नितळ राहिलं तर सेंद्रिय खत कमी पडतंय. ढेकळाभोवती दुधासारखा गढूळ ढग तयार होऊन दुसऱ्या दिवशीही तसाच राहिला तर सोडियम आहे, प्रयोगशाळेत जा. या चाचणीला खर्च नाही. दर उन्हाळ्यात वरच्या, मधल्या आणि सखल जागेच्या ढेकळांची करा.

सखल भागात सहा-सात फुटांचं भोक घेऊन त्यात छिद्रं पाडलेला, कापड गुंडाळलेला पीव्हीसी पाईप उभा करा. काठी घालून महिन्यातून एकदा पाण्याची पातळी बघा. उन्हाळ्यातही पाणी पाच फुटांच्या आत असेल तर क्षार वर यायला सुरुवात झालीच म्हणून समजा.

उपायांत पहिला निचरा, मग बाकी सगळं. निचरा न करता जिप्समची (सोडियमला हटवणाऱ्या कॅल्शियमयुक्त खनिजाची) पोती टाकणं म्हणजे पैसे पाण्यात, शब्दशः. भारी काळ्या जमिनीत मोल नांगराने ४०-६० सेंमी खोलीवर मातीतच बोगदे ओढता येतात; पाईप नसल्याने स्वस्त पडतं, पण काही वर्षांनी पुन्हा ओढावं लागतं. पाणी फारच वर असेल तर सच्छिद्र पाईपची भूमिगत निचरा प्रणाली. तिचा खर्च मोठा, आणि पाणी सोडायला नाला हवा, जो बहुधा दुसऱ्याच्या बांधापलीकडे असतो. शिरोळ तालुक्यात ही कामं गावकऱ्यांनी एकत्र येऊन, साखर कारखान्याच्या पुढाकाराने केली, म्हणून ती उभी राहिली. सांगली जिल्ह्यातलं कसबे डिग्रजचं कृषी संशोधन केंद्र याच विषयात काम करतं. खर्चात पडण्याआधी तिथे जाऊन प्रत्यक्ष बघून या.

निचरा झाल्यावर चोपण जमिनीला माती परीक्षणातून निघेल तेवढंच जिप्सम, वरच्या वीतभर थरात मिसळून. मग हिरवळीच्या खतासाठी धैंचा पेरून ४५-५० दिवसांत गाडा. तोवर गायींना काय घालायचं, हा प्रश्न उरतोच. पाणथळ तुकड्यात पॅरा गवत येतं, खारवटात ऱ्होडस तग धरतं, चोपणात करनाल गवत. दुधाच्या दृष्टीने यातलं एकही लसूणघासाची जागा घेत नाही, म्हणून अर्धं रान सुधारणेला घ्या आणि अर्ध्यात नेहमीचा चारा चालू ठेवा. खुरांनी झालेला घट्ट थर मोडायचा तर नेपियर मोडून नवी लागवड करतानाच, एप्रिल-मे मध्ये रान पूर्ण कोरडं झाल्यावर सबसॉयलर (खालचा घट्ट थर फोडणारा खोल नांगर) घाला. ओल्यात घातला तर फाळ चिखल कापत जातो आणि थर तसाच राहतो.